सीडी रायटर गायब करण्याची खात्रीशीर पद्धत

विंडोज एक्सपीच्या जमान्यातल्या घरच्या कॉम्प्युटरवर सीडी मारायची, म्हणजे रायटर नावाच्या ड्राइव्हने तिच्यावर फाइली लिहायच्या, असतील तर एकाच बर्निंग सॉफ्टवेअरवर अजिबात विसंबू नका. रायटरच्या खोक्यात नीरो आलेलं असतं, ते टाकाच. भाचा कुठूनतरी रॉक्सिओ आणतो, तेही टाका. ठाणे स्टेशनबाहेर घेतलेल्या 'सब कुछ एकात' छाप सीडीत आणखी दोन-तीन निघतील. पैसे मोजलेत, सोडता कशाला? इन्स्टॉल करताना काही वाचायचं नाही. नेक्स्ट, नेक्स्ट, फिनिश. वाचत बसलात तर इनसीडी नावाचे पाहुणेही सोबत येतायत हे कळेल आणि उगाच ती बरोबरची खूण काढावीशी वाटेल.

इनसीडी म्हणजे मोठं कामसू प्रकरण. रिरायटेबल डिस्क फ्लॉपीसारखी, हवी तेव्हा फाइल टाका, हवी तेव्हा पुसा अशी, वापरता यावी म्हणून ते विंडोज एक्सपी सुरू झाल्यापासून कोपऱ्यातल्या घड्याळाशेजारी दबा धरून बसतं. रॉक्सिओचं ड्रॅग टू डिस्कही हेच काम करतं. दोघांनाही नांदू द्या. डिस्क आत सरकवली की हिरवा दिवा लुकलुकतो, मोटर घुर्र करून फिरते, थांबते, पुन्हा फिरते. दोघेही एकाच डिस्कवर हक्क सांगतात आणि या वाटणीच्या दाव्यात माउस हलतो, पण क्लिक होत नाही. ट्रेचं बटण कितीही दाबा, दार उघडत नाही. आता कॉम्प्युटर बंद करून ट्रेखालच्या बारीक भोकात सरळ केलेली पेपर क्लिप खुपसायची. एवढं तांत्रिक काम केल्यावर घरात तुमचा मान वाढतो.

अधूनमधून डिस्कला नावं ठेवत जा. डीव्हीडीवर 4.7 जीबी छापलंय आणि विंडोज 4.38च दाखवतंय, म्हणून गोखले रोडच्या दुकानदाराशी भांडून या. कंपनी हजाराने मोजते आणि विंडोज 1024 ने, असं तो समजावेल. ऐकून घेऊ नका, गिऱ्हाईक तुम्ही आहात.

खरी गंमत पुढे आहे. कुणीतरी शहाणा सांगेल, "काका, दोन्हीतलं एक काढा." लगेच काढा. कॉम्प्युटर रीस्टार्ट होईल आणि माय कॉम्प्युटरमधून रायटरच नाहीसा झालेला असेल. डिव्हाइस मॅनेजरमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरला जोडलेल्या यंत्रांच्या यादीत, त्याच्यापुढे पिवळं उद्गारचिन्ह, कोड 39, म्हणजे ड्रायव्हर सुरू होत नाही. झालेलं एवढंच असतं की, प्रत्येक सॉफ्टवेअर विंडोज आणि ड्राइव्हच्या मध्ये आपला एक फिल्टर ड्रायव्हर, म्हणजे मधला दलाल प्रोग्रॅम, बसवतं आणि रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सेटिंग्जच्या वहीत, अपरफिल्टर्स, लोअरफिल्टर्स या दोन नोंदींत त्याचं नाव घालतं. सॉफ्टवेअर निघून जातं, नाव मात्र बरेचदा तिथेच राहतं. विंडोज त्या नावाचा ड्रायव्हर शोधतं, सापडला नाही की अख्खा ड्राइव्हच सुरू करत नाही. ठणठणीत रायटर, पण घरात त्याला ओळखणारं कुणी नाही.

इलाज खरं तर पाच मिनिटांचा आहे. रजिस्ट्रीचा बॅकअप घ्यायचा, तिथल्या सीडी-डीव्हीडी ड्राइव्हच्या गटातल्या (4D36E965 ने सुरू होणाऱ्या क्लासमधल्या) त्या दोन नोंदी उडवायच्या, रीस्टार्ट करायचं आणि मग एकच, पुन्हा सांगतो, एकच बर्निंग सॉफ्टवेअर नव्याने टाकायचं. पण यात खर्च नाही, धावपळ नाही, चारचौघांत सांगण्यासारखं काही नाही. त्यामुळे हा मार्ग सोडा.

त्यापेक्षा रायटर खोलून दुकानात न्या. तिथे तो लख्ख चालतो, म्हणून नवा घ्या. नवाही घरी येऊन दिसेनासा झाला की दुकानातला मुलगा घरी येईल, चहा घेईल आणि म्हणेल, "काका, फॉरमॅट मारावं लागेल." हो म्हणा. फक्त सी ड्राइव्ह उडवणार, डी ड्राइव्हला हात लावणार नाही, असं तो शपथेवर सांगतो, आणि ते खरंही असतं. मुंजीचे फोटो सीडीवर मारायचे म्हणून तुम्ही डेस्कटॉपवर काढून ठेवले होते. डेस्कटॉप सी ड्राइव्हवरच असतो.