परदेशातून: वही कोणाच्या हाती सोपवायची?

फेब्रुवारी उजाडला की महाराष्ट्रातल्या बातम्यांत शिवजयंती तारखेने करायची की तिथीने हा वाद हमखास येतो. लंडनमध्ये बसून तो वाचताना मला वादापेक्षा त्यामागच्या पुराव्याचं अप्रूप वाटतं. शिवजन्माची पूर्वी मानली जाणारी तिथी होती वैशाख शुद्ध द्वितीया, शके १५४९. ती मागे पडून फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१, म्हणजे १९ फेब्रुवारी १६३० पुढे आली, ती कारीच्या जेधे देशमुखांच्या शकावलीमुळे. टिळकांनी ती १९१६ मध्ये प्रसिद्ध केली. ही एका देशमुख घराण्याने ठेवलेली वर्षवार टिपणं. तिथी, वार, प्रसंगी घटका-पळंसुद्धा. घराण्याने कागद जपला आणि वेळ आली तेव्हा जाणत्या माणसाच्या हाती दिला, म्हणून आज आपल्याला भांडायला तरी काही आहे.

इतिहासावर आपण हिरिरीने बोलतो, पण ज्या घरगुती नोंदींवर तो उभा राहतो त्या आजही रद्दीत घालतो. यात आजोबांच्या रोजनिश्या आल्या, तसेच वीस वर्षांपूर्वीचे मराठी ब्लॉगही आले.

इंग्रजांच्या नौदलाचा कारभार पाहणाऱ्या सॅम्युएल पीप्सची रोजनिशी १ जानेवारी १६६० ते ३१ मे १६६९ या काळातली, सहा खंडांची, बहुतेक लघुलिपीत लिहिलेली. ती टिकली मृत्युपत्रामुळे. सुमारे तीन हजार पुस्तकांचा संग्रह आधी भाच्याकडे, मग केंब्रिजच्या मॉडलिन कॉलेजकडे, अशी व्यवस्था पीप्सने करून ठेवली होती. १८१९ पासून जॉन स्मिथ या विद्यार्थ्याने तीन वर्षं खपून ती लिपी उलगडली. त्या लघुलिपीचं पुस्तक त्याच संग्रहात होतं, पण त्याला ते कोणी सांगितलंच नव्हतं. मोडीच्या दप्तरांपुढे हताश बसणाऱ्यांना हे दुःख कळेल.

आणि आता हीच अडचण आपण संगणकावर निर्माण करून ठेवली आहे. युनिकोड, म्हणजे सगळ्या लिप्यांसाठीची सामायिक अक्षरसंकेत पद्धत, रुळण्याआधीचं मराठी लेखन ज्या त्या फाँटमध्ये, इंग्रजी अक्षरांच्या जागांवर बसवलेलं असायचं. फाँट नसेल तर पानावर निव्वळ इंग्रजी अक्षरांचा गोंधळ दिसतो. जुना मजकूर युनिकोडमध्ये बदलणारा परिवर्तक वापरला तरी फाँट नेमका कोणता हे ठाऊक असावं लागतं, कारण प्रत्येकाची मांडणी वेगळी. शिवाय त्या फाँटांत ऱ्हस्व इकार व्यंजनाच्या आधी साठवलेला असतो आणि रफार नंतर. युनिकोडमध्ये हे दोन्ही क्रम उलटे. परिवर्तकाने तेवढं सांभाळलं नाही तर ‘किती’ आणि ‘धर्म’ हे साधे शब्दही मोडतात. म्हणून फाइलीबरोबर फाँटची फाइल ठेवा, छापील प्रत काढा आणि रूपांतर ओळीओळीने ताडून पाहा.

ब्लॉगचं दुखणं निराळं. जॉर्न बार्जरने डिसेंबर १९९७ मध्ये ‘वेबलॉग’ हे नाव दिलं तेव्हा ती वाचलेल्या पानांच्या दुव्यांची यादी होती, रोजनिशीपेक्षा टिपणवहीच्या जवळची. ऑगस्ट १९९९ मध्ये ब्लॉगर ही ब्लॉग लिहिण्याची सेवा आली आणि कोणालाही फुकट लिहिता येऊ लागलं. फुकट जागेचा मालक मात्र दुसराच असतो. ऑक्टोबर २००९ मध्ये याहूने जिओसिटीज ही फुकट संकेतस्थळांची सेवा बंद केली. २०१९ मध्ये गूगल प्लस हे समाजमाध्यम गेलं तेव्हा ब्लॉगरवर त्यातून दिलेल्या प्रतिक्रियाही गेल्या; लेख राहिले, त्यांवरची चर्चा पुसली गेली. ब्लॉगरच्या सेटिंग्जमधून बॅकअप घेतला की लेख आणि प्रतिक्रिया एका फाइलीत उतरतात, पण छायाचित्रांचे नुसते पत्ते येतात. ती वेगळी उतरवून घ्यावीच लागतात.

कागदासाठी नियम सोपे आहेत आणि ते सर्रास मोडले जातात. टाचण्या आणि स्टेपल काढा, त्या गंजून कागद खातात. चिकटपट्टी लावू नका. पट्टी गळून पडते आणि पिवळा डिंक मागे उरतो. लॅमिनेशन तर कधीच नको, ते कागदाला इजा न करता सोडवणं जवळपास अशक्य. स्कॅन किमान ३०० डीपीआयवर (इंचाला ३०० ठिपके), रंगीत, कोरी पानं आणि वेष्टनासकट.

पण हे सगळं करून कपाटातच ठेवायचं असेल तर पुढची पिढी ते रद्दीवाल्यालाच देणार. इथे ब्रिटनमध्ये मास ऑब्झर्व्हेशन हा उपक्रम १९३७ मध्ये सामान्य माणसांच्या दिवसाच्या नोंदी जमवू लागला आणि मधल्या खंडानंतर १९८१ पासून ते काम पुन्हा चालू आहे. अजूनही दर १२ मेला लोकांकडून त्या दिवसाची रोजनिशी मागवली जाते. २००७ मध्ये सुरू झालेला आणि आता लंडनच्या बिशप्सगेट इन्स्टिट्यूटमध्ये असलेला ग्रेट डायरी प्रोजेक्ट कोणाचीही डायरी स्वीकारतो. लेखक मोठा असावा लागत नाही. किराणा, पाऊस, दवाखान्याचा खर्च, सगळं चालतं.

मराठीला अभिजात दर्जा मिळाला, २०२४ मध्ये. त्यानंतरची चर्चा मी वाचतो, ती बहुतांशी गाथासप्तशती, शिलालेख, ताम्रपट यांचीच. या दर्जामुळे मिळणारा थोडा निधी आणि एक खोली विसाव्या शतकातल्या घरगुती डायऱ्यांना मिळावी, असं मला मनापासून वाटतं. जिल्हा ग्रंथालयं हे करू शकतील. देणाऱ्याशी एका पानाचा करार हवा: वही कोणाची, कोणत्या गावची, कोणत्या वर्षांची, किती वर्षं वाचकांना बंद ठेवायची, छापायचा हक्क कोणाचा. सगळ्या वारसांच्या सह्या त्याच दिवशी घ्याव्यात. एक सही राहिली आणि पुढे एखाद्या भावंडाने हरकत घेतली, तर वही ग्रंथालयात असूनही वाचायला देता येत नाही.