कोपनहेगनमधली अडीचकी

सांगलीच्या एका सहकारी बँकेत मी ३२ वर्षं कॅशच्या खिडकीमागे बसलो. एवढ्या वर्षांत कॅश जुळली नाही असा एकच दिवस आला, आणि ते सात रुपये चहाचे निघाले. आत्मस्तुती म्हणून हे सांगत नाही. कोपनहेगनच्या भर रस्त्यात पन्नास क्रोनरच्या स्ट्रॉबेऱ्या घेऊन साडेतीन क्रोनर मोजून देणारा माणूस कुणी सोम्यागोम्या नव्हता, एवढंच आधी नोंदवून ठेवतो.

लेक तिकडे नोकरीला आहे. जूनचे तीन आठवडे आम्ही दोघं तिच्याकडे होतो. ती सकाळी सायकलवर टांग टाकून ऑफिसला जायची आणि आम्ही 'शहर बघायला' मोकळे. पहिल्या रात्री तिने मला एक ते दहा डॅनिश आकडे कागदावर लिहून दिले. त्यात 'ट्रे' म्हणजे तीन हे ऐकून आमच्या हिने "त्रि! संस्कृतच की हो," असा निकाल देऊन टाकला. 'हाल्व' म्हणजे अर्धा, हे लेकीने जाता जाता सांगितलं. एवढ्या भांडवलावर मी दुसऱ्या दिवशी बाजारात उतरलो.

कोपऱ्यावर एक पोरगा स्ट्रॉबेऱ्या विकत होता. मी दोन खोकी उचलली आणि किती म्हणून खूण केली. तो म्हणाला, "हाल्ट्रेस." मी मनातल्या मनात फोड केली. हाल्व अधिक ट्रे. अर्धा आणि तीन. साडेतीन! एका क्रोनरला तेरा रुपये धरले तरी पंचेचाळीस रुपयांत दोन खोकी. महाबळेश्वरातसुद्धा मिळायची नाहीत. मी सुटे काढून त्याच्या तळहातावर ठेवले. इथल्या एक, दोन आणि पाच क्रोनरच्या नाण्यांना मधोमध भोक असतं. आजोबांच्या पेटीतल्या भोकाच्या पैशाची आठवण होऊन मला आधीच आपलेपणा वाटत होता. पोराने नाण्यांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि इंग्रजीत म्हणाला, "फिफ्टी."

मी पन्नासची नोट काढली. नोटेवर अक्षरी लिहिलं होतं, 'फेमटी'. म्हणजे बोलायचं हाल्ट्रेस आणि छापायचं फेमटी! आमच्याकडे चेकवर अंकी एक आणि अक्षरी दुसरं असतं, तर मी तो खिडकीतूनच परत केला असता.

नोट घेऊन पोरगा म्हणाला, "टाक."

मी म्हटलं, अजून टाक? पन्नास सांगितलेस, पन्नास दिले की!

"टाक, टाक," तो हसून म्हणाला.

नाइलाजाने मी आणखी एक भोकाचं नाणं टाकलं. ते त्याने परत दिलं आणि वर चार स्ट्रॉबेऱ्या जास्तीच्या घातल्या. टाक म्हणजे आभार, हे संध्याकाळी कळलं.

"आणि बाबा, प्लीजला यांच्याकडे शब्दच नाही," लेक म्हणाली.

"मग आपल्याकडे कुठे आहे?" ही आतून म्हणाली.

खरंच होतं. 'कृपया' हा शब्द मी रेल्वेच्या फलाटावर ऐकलाय आणि बँकेत 'कृपया रांगेत उभे राहावे' अशा पाटीवर स्वतः रंगवून घेतलाय. पण एका माणसाने दुसऱ्याला तो म्हटल्याचं स्मरत नाही. आपण आवाज थोडा खाली आणतो, 'जरा' लावतो, 'देता का' म्हणतो, भागतं. डॅनिश माणूसही तसंच काहीतरी करतो. इंग्रजी बोलणाऱ्यांना म्हणे तो उद्धट वाटतो. मला मिरजेला आल्यासारखं वाटलं.

सायकलींनी मात्र आमची परीक्षा पाहिली. फूटपाथ आणि रस्ता यांच्यामध्ये सायकलींचा वेगळा पट्टा असतो, फूटपाथपेक्षा जेमतेम चार बोटं खाली. नवख्याला तो आणखी एक ऐसपैस फूटपाथच वाटतो. आमराईत फिरावं तसे आम्ही त्यावरून निघालो. मागून 'टिंग'. कुणी ओरडलं नाही, कुणी आईबाप काढले नाहीत. शिवीला उत्तर देता येतं हो, टिंगला काय देणार? तेवढ्यात पुढच्या पेटीत दोन पोरं बसवलेली तीनचाकी सायकल घेऊन एक बाई शेजारून गेल्या आणि जाता जाता त्यांनी हात खांद्यापर्यंत वर केला. ओळख ना पाळख, तरी केवढी माया! मीही हात वर केला. हिनेही केला. बाई थांबल्या. त्यांच्या मागच्या सात-आठ सायकलीही हात वर करकरून थांबल्या. पुढे लाल दिवा होता आणि हात वर करणं म्हणजे 'मी थांबतोय' अशी खूण होती. आम्ही हात खाली घ्यावेत की नाही, ते न कळून तसेच उभे राहिलो. लांबून बघणाऱ्याला एखादी शपथ चालू आहे असं वाटलं असेल.

लहान जलपरी बघून आलो. १९१३ पासून दगडावर बसली आहे, उंची सव्वा मीटर. कार्ल्सबर्ग बियरवाल्यांच्या घरातल्या कार्ल याकोबसेन यांनी ती करवून घेतली. १९६४ मध्ये आणि पुन्हा १९९८ मध्ये तिचं डोकं कापून नेलं होतं. हे ऐकल्यावर हिने तिचा फोटो काढायचं सोडून आजूबाजूच्या लोकांवरच नजर ठेवली.

माणसांवर विश्वास कसा ठेवावा हे इथे जागोजागी शिकायला मिळतं आणि आमच्या हिला ते जमत नाही. एका कॅफेबाहेर बाबागाडीत एकटं बाळ झोपलेलं दिसलं. आई आत काचेमागे कॉफी पीत होती. मोकळ्या हवेत बाळं चांगली झोपतात म्हणून इथे सर्रास असं ठेवतात. हिने त्या गाडीशेजारी पाऊण तास पहारा दिला. मी भुकेने व्याकूळ. शेवटी आई बाहेर आली तेव्हा हिने तिला शुद्ध मराठीत झापलं. आई म्हणाली, "टाक." यावर काय बोलणार?

असिस्टन्स नावाच्या दफनभूमीत तर कमाल झाली. परीकथावाले अँडरसन तिथेच आहेत, तत्त्वज्ञ किर्केगार्ड आहेत, अणूवाले नील्स बोर आहेत. आम्ही चपला काढाव्यात की काय, अशा विचारात आत गेलो, तर हिरवळीवर लोक चटया पसरून उन्हात पडलेले, कुणी पुस्तक वाचतंय, कुणी पळतंय. ऊन निघालं की डॅनिश माणूस जागा बघत नाही. माझे पाय दुखत होते म्हणून मीही टेकलो. "उठा आधी," ही म्हणाली. घरी गेल्यावर मला डोक्यावरून आंघोळ करायला लावली. अँडरसन १८७५ साली गेले हे सांगूनही उपयोग झाला नाही.

गोल मनोरा चौथ्या ख्रिस्तियान राजाने बांधला. तो १६४२ मध्ये पुरा झाला. अगदी टोकाजवळच्या थोड्या पायऱ्या सोडल्या तर आत जिना नाही. २०९ मीटर लांबीचा चढ गोल गोल फिरत वर जातो. रशियाचा झार पीटर १७१६ मध्ये यावरून घोड्यावर बसून गेला होता. "किती वेढे आहेत?" हिने अर्ध्यात थांबून विचारलं. मी माहितीची पाटी वाचली. साडेसात. "तरीच," ती म्हणाली आणि भिंतीला टेकली. तिच्या राशीला तेव्हा शनी होता.

आता मुख्य प्रकरण. लेकीच्या इमारतीत तळमजल्यावर एक निवृत्त सुतार राहतात. इथे अहो-जाहो बोलीतून जवळजवळ उठलंय, लेक तिच्या साहेबालासुद्धा नावाने हाक मारते. पण आमची जीभ रेटेना, म्हणून आम्ही त्यांना आपसात 'सुतारबुवा' म्हणायचो. त्यांचं इंग्रजी माझ्याइतकंच, म्हणजे गरजेपुरतं. एकदा जिन्यात त्यांनी मला थांबवलं. "संडे. कॉफी. हाफ थ्री." मी म्हटलं, येस. हाफ थ्री म्हणजे हाफ पास्ट थ्री, साडेतीन. शाळेत आम्हाला इंग्रजी शिकवणारे मास्तर इंग्रजांच्या काळातले होते. स्ट्रॉबेऱ्या तेव्हा आठवायला हव्या होत्या.

रविवारी बरोब्बर साडेतीनला आम्ही खाली उतरलो. परक्या देशात उशीर नको म्हणून तीन पंचवीसपासून जिन्यात उभे होतो. दाराबाहेर कुंडीत कागदी झेंडे खोचलेले. आत गेलो तर टेबलावरही झेंडे. "आज तुमचा स्वातंत्र्यदिन का?" मी विचारलं. वाढदिवस होता. इथे वाढदिवसाला झेंडाच लावतात. हा झेंडा १२१९ साली लढाईच्या ऐन वेळी आकाशातून पडला अशी त्यांची दंतकथा आहे. आभाळातून आलेली वस्तू केकवर खोचायला हरकत नाही.

पण माझं लक्ष वेगळीकडे होतं. टेबलाभोवती दहा माणसं ताठ बसलेली. दहा कप पालथे. मधोमध स्ट्रॉबेऱ्यांचा थरांचा केक, त्याला सुरी लागलेली नाही. साईवरून एक स्ट्रॉबेरी हळूहळू घसरत खाली येत होती आणि दहाही जण तिच्याकडे बघत होते. कुणी घड्याळाकडे पाहिलं नाही, कुणी काही बोललं नाही. एका लहान मुलाने फक्त आईला काहीतरी विचारलं आणि आईने त्याला चूप केलं. प्रश्न कोणत्याही भाषेत कळला असता.

ही मंडळी अडीचपासून बसली होती.

मी लेकीकडे पाहिलं. लेकीने छताकडे पाहिलं. मग सुतारबुवांनी कागदी रुमाल ओढला, खिशातून सुताराची चपटी पेन्सिल काढली आणि एक घड्याळ काढलं. दोन तास पुरे झाले. तिसरा अर्धा झाला. हाल्व ट्रे. अर्धा तिसरा. लेक भाषांतर करत होती, पण मला आता तिची गरज नव्हती. त्यांनी खाली लिहिलं, अडीच गुणिले वीस. तिसरी विशी अर्धी. हाल्ट्रेस. पन्नास! तीन विशा म्हणजे ट्रेस, साठ. चार विशा म्हणजे फिर्स, ऐंशी. आणि आज ते स्वतः किती वर्षांचे झाले? त्यांनी छातीवर पेन्सिल आपटली. "हालफ्येर्स." चौथी विशी अर्धी. साडेतीन गुणिले वीस. सत्तर.

माझ्या अंगावर काटा आला. आमचे आजोबा शाळामास्तर. पावकी, निमकी, दिडकी, अडीचकी करत छडीच्या धाकाने त्यांनी आमच्याकडून औटकीपर्यंत पाठ करून घेतलं होतं. औट म्हणजे साडेतीन. आणि पाठांतर झालं की ते दरवेळी तेच सांगायचे: अडीच म्हणजे अर्धतृतीय, तिसरा अर्धा. औट म्हणजे अर्धचतुर्थ, चौथा अर्धा. मी ते साठ वर्षं मेंदूच्या अडगळीत ठेवलं होतं. आजी गोवऱ्या विकायची त्याही विसांनीच, "तीन इसा आन् धा" असं मोजत. म्हणजे आजोबा आणि आजी दोघांना या टेबलाशी बसवलं असतं, तर त्यांनी सुतारबुवांचं वय दारातूनच सांगितलं असतं. आणि त्यांचा बँकेतला नातू अडीचच्या निमंत्रणाला औट वाजता पोचला होता.

मी उभा राहिलो आणि खणखणीत आवाजात अडीचकी म्हटली. वीस अडीच पन्नासला सुतारबुवांनी टेबलावर हात आपटला. मग औटकी सुरू केली. वीस औट सत्तरला ते उठून उभेच राहिले. लहान मुलाने पुन्हा काहीतरी विचारलं. "केक कधी?" असं लेकीने भाषांतर केलं.

ही तोवर वरून निरांजन घेऊन आली होती. सत्तरीला औक्षण करतात का, या शास्त्रार्थात न शिरता तिने ओवाळून टाकलं. डॅनिश लोकांना मेणबत्त्यांचं अतोनात वेड, त्यामुळे ज्योत बघून सगळे सुखावले. इथे याला 'ह्युग' म्हणतात. त्यावर पुस्तकंच्या पुस्तकं निघाली आहेत. चार माणसं, दिवा, काहीतरी गोड आणि कुणालाही उठायची घाई नाही. आमच्याकडे त्यासाठी दिवे जावे लागतात.

निघताना मी परतफेडीचं निमंत्रण दिलं. शनिवारी रात्री आमच्याकडे जेवायला. आता मी पक्का झालो होतो. साडेसातला बोलवायचं तर आठवा तास अर्धा. "हाफ एट," मी ऐटीत म्हणालो. सुतारबुवांनी मान डोलावली. "तुसिन टाक," ते म्हणाले. हजार टाक. मी घाबरलो नाही.

शनिवारी हिने पुरणपोळ्या केल्या. चण्याची डाळ देशी दुकानातून, जायफळ बॅगेतून. सव्वासातला ताटं मांडली. साडेसातला तूप वाढलं. पावणेआठला तूप थिजलं. आठला ही म्हणाली, "अहो, वेळेचे पक्के ना हे लोक? बरं नाहीसं तर नाही ना त्यांना?" मी दोनदा खाली जाऊन त्यांच्या दाराला कान लावून आलो. आत रेडिओ चालू होता.

साडेआठच्या ठोक्याला बेल वाजली. दारात सुतारबुवा, इस्त्रीचा शर्ट, हातात फुलं. घड्याळ माझ्या नाकासमोर धरून ते अभिमानाने म्हणाले, "हाफ एट. इंग्लिश!"