फायबरच्या गायीची धार

रविवारपासून माझ्याकडे एक प्रमाणपत्र आहे. जाड गुळगुळीत कागद, कडेनं वारली चित्रं (वारली कुठं, दौंड तालुका कुठं, पण ते असो), मध्ये माझं नाव आणि खाली 'धार काढणे : सहभागी'. मास्तरच्या प्रमाणपत्रावर 'अस्सल गावकरी : द्वितीय' असं छापलंय. पहिला नंबर बाणेरहून आलेल्या एका मुलीनं पटकावला. ती तिसरीत आहे. मुलगी गुणी आहे, तिच्याबद्दल माझी काही तक्रार नाही. तक्रार गायीबद्दल आहे.

मास्तर आणि मी मंगळवेढ्याजवळच्या एकाच गावचे, एकाच बाकावरचे. तो हडपसरला शाळेत लागला, मी पुण्यात बँकेत चिकटलो. निवृत्त झाल्यापासून आमचा एकच धंदा. सकाळी निघायचं, कुठल्या तरी लहान गावी उतरायचं, स्टँडवर चहा प्यायचा, बाजारात घ्यायचं काही नसताना भाव विचारायचे आणि दिवस मावळायच्या आत परत. सासवडला अंजिरं, भोरला वाडा बाहेरून, जेजुरीला पायऱ्या अर्ध्या, केडगावच्या बाजूला एखाद्या गुऱ्हाळावर गरम काकवी. पासष्टी उलटल्यामुळं एसटीला अर्धं तिकीट लागतं. पंचाहत्तरीनंतर तेही लागत नाही, म्हणून लांबची गावं मास्तरनं तेव्हासाठी राखून ठेवलीत.

या खेपेला त्याच्या सुनेनं घोळ घातला. "बाबा, तुम्ही दोघं नुसते स्टँडवर काय बसता? हुरडा पार्टीचं बुकिंग केलंय तुमचं." यवतच्या पुढं, हायवे सोडून आत. माणशी 650 रुपये, पैसे भरलेले, परत मिळणार नाहीत. मास्तर एरवी तत्त्वाचा माणूस, पण भरलेल्या पैशापुढं त्याचं तत्त्व टिकत नाही.

गेटवर मनगटाला कागदी पट्टी बांधली. माझी केशरी, म्हणजे ज्येष्ठ. केशरीवाल्यांना झोका नाही, ट्रॅक्टरची फेरी आहे. पुढं आगटी होती, म्हणजे विटांचा चौथरा आणि त्याभोवती दोरी. दोरीच्या आत दोन बाया गोवऱ्यांच्या विस्तवात कणसं खुपसत होत्या आणि बाहेर आम्ही सव्वाशे माणसं कागदी प्लेटा घेऊन रांगेत. मी आपला सवयीनं दोरीखालून आत वाकलो. भाजलेलं कणीस गरम असतानाच तळहातावर चोळायचं, फुंकर मारून फोलपटं उडवायची आणि चटका बसायच्या आत दाणे तोंडात टाकायचे, यातच हुरड्याची सगळी मजा. तेवढ्यात शिट्टी वाजली.

शिट्टीवाला पंचविशीतला. डोक्याला गुलाबी फेटा, अंगात नेहरू शर्ट, पायात धावायचे बूट, कानाजवळ माइक. हा पुढं दिवसभर आम्हाला पुरला.

"काका, आत अलाउड नाही. भाजेल."

"अरे, भाजायलाच पाहिजे थोडं."

"इन्शुरन्सचा प्रश्न येतो काका. हुरडा चोळून मिळेल. तुम्ही फक्त एंजॉय करा."

चोळून मिळाला. चमचाभर शेंगदाण्याची चटणी, गुळाचा खडा, शेव आणि निवलेला हुरडा. पुन्हा मागायला पुन्हा रांग. हुरडा गूळभेंडीचा, म्हणजे खास हुरड्याच्या ज्वारीचा होता, गोड होता, उगाच खोटं कशाला बोलू. भाजणाऱ्या बाईला मास्तरनं हळूच विचारलं, "मावशी, कणसं इथलीच का?" "न्हाई वो," ती म्हणाली, "मंगळवेढ्याच्या बाजूनं टेंपो येतुया पहाटं." म्हणजे कणसं आणि आम्ही एकाच तालुक्यातून निघालेलो. कणसांना बहुधा भाडं कमी पडलं असावं.

गावाकडं हुरडा खाणं ही निम्मी चोरी असायची. हुरडा म्हणजे कोवळी ज्वारी. खाल्लेलं प्रत्येक कणीस खळ्यावर कमी भरणार, हे आजीला तोंडपाठ. खास हुरड्यासाठी म्हणून बांधाकडेनं गूळभेंडीचं एखादं तास असायचं, तेवढंच आमचं. बाकीच्या मालदांडीला हात लावला की "बारा महिने भाकरी कशाची करू, तुझ्या हाडांची?" असं ती शांतपणे विचारायची. पौषात पाखरं उतरायची, मग शाळा सुटली की माळ्यावर चढायचं. गोफण आणि डबा घेऊन अंधार पडेपर्यंत राखण. मास्तरची गोफण चांगली चालायची. माझा दगड कुठंही जायचा, पण ओरडण्यात मला तोड नव्हती.

तर धार. अकराच्या सुमाराला माइकवरून घोषणा झाली, "गावाकडची खरी मजा! कोण आहे अस्सल गावकरी?" बघतो तर मंडपात गाय उभी. पांढरीशुभ्र, रंगवलेले डोळे, पापण्यासुद्धा काढलेल्या. फायबरची. पोटाखाली लाल रबराचे चार सड आणि खाली मापाच्या रेघा असलेली प्लास्टिकची बादली. एका मिनिटात जास्त दूध काढेल तो जिंकला.

मुलीनं 340 मिली काढलं. मास्तरनं 310. मग फेटेवाल्यानं मला पाहिलं आणि एवढा वेळ 'काका' होतो तो माइकवर एकदम 'आजोबा' झालो. "या आजोबा, या! फर्स्ट टाइम का?"

"कशाची फर्स्ट टाइम?"

"गाय."

मी काही बोललो नाही. उकिडवा बसलो, बादली गुडघ्यात धरली, सडाला हात घातला. अंगठा आणि पहिल्या बोटानं वरून सड आवळायचा, म्हणजे दूध मागं सरकत नाही. मग खालची बोटं एकापाठोपाठ एक दाबत आणायची. ही मुठीची धार. ओढायचं नाही, अंगठा दुमडून घासायचं तर मुळीच नाही, सड दुखावतो. आईनं हातावर हात धरून शिकवलेलं. अर्धं मिनिट मी मूठ चालवली. गाय ढिम्म. बादलीत 20 मिली.

"आजोबा, ओढा! खाली ओढा!"

"ओढायचं नसतं रे."

"आमच्या गायीला ओढायचंच असतं."

"ओढलं की गाय लाथ मारते."

"आमची मारत नाही ना! तोच तर यूएसपी आहे." सव्वाशे माणसं हसली. त्यात मास्तर होता.

"वासरू सोडलं का आधी?" मी विचारलं. आता मलाही चेव आला होता. "वासरू लुचल्याशिवाय पान्हा कसा सोडेल?"

"पान्हा आहे आजोबा. पंप आहे आत. सकाळीच टाकी भरलीय."

"दूध आहे?"

"पाणी आहे. हायजीनसाठी."

"मग पांढरं कसं?"

"कॉर्नफ्लोअर." हे मात्र त्यानं माइक बाजूला धरून सांगितलं.

"नाव काय हिचं?"

"मॉडेल नंबर आहे, मागच्या पायावर. पण मुलं गौरी म्हणतात." मग माइक पुन्हा तोंडाशी. "टाइम अप! आजोबांची गाय आटली! साठ मिली! टाळ्या होऊ द्या, पहिल्यांदा प्रयत्न केलाय त्यांनी!"

मी उठून त्याला म्हणालो, "बाळ, मी सहावीत असल्यापासून धारा काढल्यात."

"हो ना? मग तर प्रॅक्टिस सुटलीय तुमची," तो म्हणाला आणि माझ्या खांद्यावर थोपटलं. थोपटलं! पोराला विचारलं, गाव कुठलं तुझं? वडगाव शेरी. हॉटेल मॅनेजमेंट केलंय.

आमच्याकडं खिलार होती. खिलार मुळात बैलासाठीची जात, दूध बेताचं. आमची तर तांब्याभर देऊन थांबायची आणि तेवढ्यासाठीही आईच लागायची. दुसऱ्या कुणी जवळ बसलं की शिंग फिरवायची. एकदा आई माहेरी गेलेली, वडील गायीला भ्यायचे (बाहेर सांगायचे नाहीत), तेव्हा आजीनं आईचं जुनं लुगडं माझ्या डोक्यावरून गुंडाळलं आणि मला गोठ्यात ढकललं. गायीनं लुगडं हुंगलं. मग माझं तोंड हुंगलं. फसवणूक तिच्या लक्षात आली होती, याबद्दल मला आजही शंका नाही, पण कानामागं खाजवल्यावर तिनं ती चालवून घेतली. पितळी तांब्यात पहिली धार पडली तेव्हा जो टण्ण आवाज आला, त्यानं मी एवढा दचकलो की तांब्याच कलंडला. आई येईपर्यंत रोज लुगडं नेसून धार. मास्तरनं हे शाळेत सगळ्यांना सांगितलं होतं. तेव्हाही हसणाऱ्यांत तो होता.

दुपारी जेवायला पिठलं, भाकरी, ठेचा, ताक. भाकरी दोनच, तिसरीचे 40 रुपये. लहानपणी आम्ही चपातीसाठी पाहुण्यांची वाट बघायचो, रोजची भाकरी बघून नाक मुरडायचो. आता आमच्या सोसायटीत ज्वारीचं पीठ डॉक्टरनं लिहून दिल्यासारखं किलोकिलोनं येतं. 2023 साल भरडधान्यांचं आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून साजरं झालं. त्याआधी 2016 साली मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकनही मिळालं. चांगलंच झालं. पण त्याच भागात जिथं उजनीचं पाणी पोचलं तिथं लोक उसाकडं वळले, आणि त्यांना नावं ठेवायला माझी जीभ रेटत नाही.

कारण रब्बीची ज्वारी कापत नाहीत, उपटतात. काळ्या रानात, जमीन वाळून भेगाळलेली असताना, दोन्ही हातांनी ताट धरून मुळासकट. फेब्रुवारीच्या उन्हात सकाळपासून संध्याकाळपर्यंत. उपटायची, पेंढ्या बांधायच्या, कणसं मोडायची, कडबा रचायचा. वडिलांच्या तळहाताला फोड यायचे, फुटायचे, त्यावर हळद आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. आता उपटायला माणूस मिळत नाही आणि मिळाला तर त्याची मजुरी दाण्याला परवडत नाही. कडब्याला गिऱ्हाईक असलं तर हिशेब कसाबसा जुळतो. तिथल्या फलकावर दिवसभराचा कार्यक्रम लिहिला होता. बैलगाडी, विटीदांडू, धार, ट्रॅक्टर, पतंग, फोटो. ज्वारी उपटणे कुठं नव्हतं. ठेवा की एकदा. 650 घ्या, मनगटाला पट्टी बांधा आणि दोन तास रानात सोडा. इन्शुरन्स तेवढा बघून घ्या. आणि दामाजीपंतांनी दुष्काळात बादशहाची कोठारं लोकांना उघडून दिली ती याच मंगळवेढ्यात. त्यांनी तरी पट्टी मागितल्याचं माझ्या ऐकिवात नाही.

हे सगळं मी परतीच्या गाडीत मास्तरला ऐकवलं. त्यानं हडपसरपर्यंत मान हलवली. प्रमाणपत्र मात्र मांडीवर सपाट ठेवलं होतं, मुडपू नये म्हणून.

काल त्याचा फोन आला. फेटेवाल्यानं सुनेकडून नंबर घेऊन त्याला बोलावलंय. दर रविवारी धोतर-पटका घालून बाजेवर बसायचं, 'गावचे आजोबा' म्हणून. लोक फोटो काढतील. जेवण फुकट, वर 500 रुपये. मास्तरनं हो म्हटलंय.

"त्याला दोघं हवेत," मास्तर म्हणाला. "एकटा म्हातारा बसलेला बरा दिसत नाही म्हणे. तू येतोस का?"

मी म्हटलं, त्या पोराचं तोंडसुद्धा बघायचं नाही मला.

"बरं," तो म्हणाला. "तसं त्यानं मुद्दाम सांगितलंय, तुम्ही कुणालाही आणा, फक्त ते गायीशी भांडणारे आजोबा नकोत."

"असं म्हणाला?"

"म्हणाला. पण पटका बांधल्यावर ओळखणार नाही."

मी विचारलं, पाचशे माणशी की दोघांत?