सेप्सिस आणि काढा: फिरणाऱ्या मेसेजबद्दल खुलासा

‘सेप्सिस प्रतिकारशक्ती कमी पडल्यामुळे होतो. जखमी माणसाला रोज काढा पाजा, धोका टळतो,’ असा मेसेज फॅमिली ग्रुपवर फिरतोय. पहिलं वाक्य अर्धवट आहे, दुसरं सरळ चुकीचं.

गुडघा फुटला की तो लाल होतो, गरम लागतो, सुजतो, ठणकतो. हा दाह जागच्या जागी राहतो तोवर उपयोगाचाच. सेप्सिसमध्ये मात्र संसर्गाला शरीराने दिलेला प्रतिसादच ताळ सोडतो आणि स्वतःच्याच अवयवांना इजा करतो. तज्ज्ञांनी २०१६ मध्ये ठरवलेली सेप्सिसची व्याख्या हेच सांगते. केशवाहिन्या (सर्वांत बारीक रक्तवाहिन्या) झिरपू लागतात, रक्तदाब कोसळतो, मूत्रपिंडं थकतात. गंमत म्हणजे त्याच रुग्णात प्रतिकारशक्तीच्या काही पेशी खवळलेल्या असतात, तर काही पार गळून गेलेल्या. मग काढा पाजून ‘वाढवायचं’ नेमकं काय? उलट नुसता दाह दाबणारी औषधंही १९९० च्या दशकात करून पाहिली, ती फसली.

आणखी एक. मोठ्या अपघातानंतर ताप आला म्हणजे जंतू शिरलेच, असंही नाही. फुटलेल्या पेशींमधून मायटोकॉन्ड्रिया, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणारे तिच्यातले बारीक भाग, रक्तात सांडतात. त्यांचे पूर्वज जीवाणू! त्यांचा डीएनए दिसला की रक्तातल्या पांढऱ्या पेशी जंतूच आले असं समजून फसतात. जंतू आहेत की नाहीत, हे मात्र डॉक्टरांनी तपासून ठरवायचं, आपण नव्हे.

जखमी माणूस असंबद्ध बोलू लागला, धाप लागली, लघवी कमी झाली, तर काढा उकळत बसू नका. थेट रुग्णालय गाठा. सेप्सिस असेल तर अँटिबायोटिक पहिल्या तासाभरात सुरू व्हायला हवं.