‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’ एका रात्रीत झालं नाही

क्वीन या ब्रिटिश रॉक बँडच्या गाण्याबद्दलचा एक मजकूर पुन्हा पुन्हा फॉरवर्ड होतो: पाचगणीत शिकलेल्या, बँडचा गायक फ्रेडी मर्क्युरीने ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’ एका रात्रीत लिहिलं, एकट्याने एका दमात गायलं, रेडिओवाल्याने ते चोरून वाजवलं आणि जगातला पहिला म्युझिक व्हिडिओ त्याचाच. फ्रेडीवर जीव आहे म्हणूनच हे खोडून काढावंसं वाटतं. त्याची आणि त्याच्या सोबत्यांची मेहनत यात पार पुसली जाते.

आधी ती ‘एक रात्र’. 2023 मध्ये लंडनला त्याच्या वस्तूंचा लिलाव झाला, तेव्हा या गाण्याचे हस्तलिखित कागद लोकांसमोर आले. 1974 सालची, एका विमान कंपनीची छापील पानं. एका पानावर ‘मंगोलियन’ लिहून खोडलंय आणि तिथेच ‘बोहेमियन’ केलंय. बाकी पानांवरही अशीच खाडाखोड. रेकॉर्डिंग सुरू झालं ते पुढच्या वर्षी, ऑगस्ट 1975 मध्ये, वेल्समधल्या रॉकफील्ड स्टुडिओत.

‘एकट्याने, एका दमात’ हा दावा तर सर्वात चुकीचा. मधला ऑपेराचा भाग नीट ऐका. तो जमाव वाटतो, पण आवाज तिघांचेच आहेत: फ्रेडी, गिटारिस्ट ब्रायन मे आणि ड्रमर रॉजर टेलर. सगळ्यात वरच्या पट्टीतला आवाज टेलरचा. तेव्हा टेपवर 24 ट्रॅक, म्हणजे आवाज वेगवेगळे नोंदवायच्या 24 पट्ट्या, मिळायचे. म्हणून तिघांनी एकेक ओळ पुन्हा पुन्हा गायची, ते थर एकत्र करून मोजक्या ट्रॅकवर उतरवायचे आणि मोकळ्या झालेल्या जागेत पुढचे आवाज भरायचे. रोज दहा-बारा तास हेच. या भागात पुन्हा पुन्हा येणारा ‘गॅलिलिओ’ हा शब्द फ्रेडी आणखी एकदा घेऊन आला, की निर्माता रॉय थॉमस बेकर टेपला नवा तुकडा जोडायचा. मशीनवर इतक्यांदा फिरून टेपवरचा चुंबकीय लेप झिजला आणि ती उजेडात धरली की आरपार दिसायला लागलं.

रेडिओची गोष्ट अर्धी खरी आहे. सुमारे सहा मिनिटांचं गाणं सिंगल म्हणून, म्हणजे एकट्या गाण्याची रेकॉर्ड म्हणून, चालणार नाही, असं रेकॉर्ड कंपनीला वाटत होतं. पण लंडनच्या कॅपिटल रेडिओवर गाणी लावणाऱ्या केनी एव्हरेटने चोरी केली नव्हती. प्रत त्याला क्वीनच्या गोटातूनच मिळाली होती. वाजवू नको, असं सांगून दिलेली, आणि तो वाजवणार हे देणाऱ्यांना पक्कं ठाऊक होतं. त्याने एका वीकेंडला ते चौदा वेळा लावलं.

व्हिडिओही पहिला नाही. बीटल्सनी 1966 मध्येच गाण्यांसाठी फिल्म्स केल्या होत्या.

राहिली पाचगणी. तिथल्या सेंट पीटर्स शाळेत तो पियानो शिकला, ‘द हेक्टिक्स’ या शाळेच्या बँडमध्ये वाजवायचा. आपण अभिमानाने सांगावं ते एवढं, आणि ते पुरेसं आहे.