खुलासा : फ्लोरोकार्बनची दोरी पाण्यात अदृश्य होत नाही

बास मासा गळाने पकडण्यासाठी फ्लोरोकार्बनची (एका प्रकारच्या प्लास्टिकची) दोरी वापरली की ती पाण्यात पूर्णपणे अदृश्य होते, असा दावा सध्या फिरत आहे; तो खरा नाही. पाण्याचा अपवर्तनांक (पदार्थात प्रकाश किती वळतो ते सांगणारा आकडा) सुमारे १.३३, फ्लोरोकार्बनचा सुमारे १.४२ आणि नायलॉनचा १.५ च्या पुढे, म्हणजे फ्लोरोकार्बनचा पाण्याच्या अधिक जवळ असल्यामुळे ती नायलॉनपेक्षा कमी उठून दिसते, इतकेच. तिचा खरा गुण म्हणजे ती बुडते. त्यामुळे तळाशी ओढायच्या आमिषाला ती उत्तम, पण तरंगत्या आमिषाचे तोंड ती खाली खेचते. स्पिनिंग रिळावर (गळ फेकताना ज्याचे रीळ स्थिर राहते आणि दोरी वेढ्यावेढ्याने सुटते) जाड फ्लोरोकार्बन वेटोळी सोडत उसळते, हेही ध्यानात ठेवावे. गाठीला तर फारच जपावे लागते : कोरडी गाठ आवळली की घर्षणाच्या उष्णतेने दोरी कमकुवत होते, म्हणून गाठीलगतचा भाग पिळवटलेला किंवा पांढुरका दिसल्यास तो कापून टाकावा आणि नवी पालोमार गाठ (दुहेरी दोरी गळाच्या छिद्रातून ओवून मारायची गाठ) ओली करून सावकाश आवळावी.