सोयाबीनची आवक मे महिन्यात कशी दिसली? : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

‘आडतीचा हिशोब वीस वर्षं एक्सेलवर नीट चाललाय. तुमचा लेख वाचून पॉवर बीआय लावलं, तर खरेदीची बेरीज जुळेना आणि मे महिन्यात सोयाबीनची आवक दिसायला लागली. असल्या सॉफ्टवेअरच्या भरवशावर धंदा करायचा का?’ असं तुम्ही लातूरहून विचारलंय. बेरीज जुळत नाही तोवर रिपोर्ट वापरायचा नाही, हे तुमचं म्हणणं अगदी बरोबर. पॉवर बीआय, म्हणजे आकड्यांवरून चार्ट आणि रिपोर्ट बनवणारं मायक्रोसॉफ्टचं सॉफ्टवेअर. त्यावरच्या लेखात चार्ट सविस्तर आले, शीट आधी कशी तयार करायची ते दोन ओळींत उरकलं. ती उणीव इथे भरून काढतो.

आधी मे महिना. 05/11/2024 ही तुमची 5 नोव्हेंबर. तारीख टेक्स्ट म्हणून साठवलेली असली आणि लोकेल, म्हणजे तारीख कुठल्या देशाच्या पद्धतीने वाचायची ती सेटिंग, अमेरिकेचं असलं, की पॉवर क्वेरी (डेटा आत घेऊन साफ करणारा भाग) तिला 11 मे समजते. 12 तारखेपर्यंतचे सौदे असे भलत्या महिन्यांत विखुरतात. 13 पासून पुढे एरर येतो, कारण तेरावा महिनाच नाही. एरर घालवायला ‘रिमूव्ह एरर्स’ दाबलं, की त्या ओळीच उडतात. निम्म्याहून जास्त महिना गेला, बेरीज कशी जुळणार? म्हणून आपोआप लागलेली ‘चेंज्ड टाइप’ ही स्टेप आधी काढून टाका. मग तारखेच्या कॉलमवर राइट क्लिक करून ‘चेंज टाइप’, ‘युजिंग लोकेल’, तिथे डेट आणि इंग्लिश इंडिया निवडा.

बेरीज कमी न येता जास्त येत असेल, तर शीटमधल्या ‘एकूण’च्या ओळी बघा. एक्सेलमध्ये त्या डोळ्यांना कळतात. पॉवर बीआयला तो आणखी एक सौदाच वाटतो. फिल्टर लावून काढा. मर्ज केलेल्या सेलमुळे शेतकऱ्याचं नाव पहिल्याच ओळीत राहतं, तिथे खालच्या रिकाम्या ओळींत तेच नाव भरणारं ‘फिल डाउन’ वापरा.

नावांचा घोळ आपल्याकडे जरा जास्तच. जुन्या फायलींत उस्मानाबाद आणि औरंगाबाद, 2023 नंतरच्या फायलींत धाराशिव आणि छत्रपती संभाजीनगर. एकाच जिल्ह्याचे दोन खांब उभे राहतात. जुनं नाव आणि चालू नाव अशा दोन कॉलमांची वेगळी शीट करून ती जोडून घ्या.

सगळ्यात घातक चूक मात्र दराची, कारण तिथे एरर येतच नाही. 10 क्विंटल 4,500 ने आणि 90 क्विंटल 4,100 ने घेतले. दराच्या कॉलमची सरासरी 4,300 दाखवते. खरा दर 4,14,000 भागिले 100, म्हणजे 4,140. क्विंटलमागे 160 रुपयांचा फरक! त्यामुळे दराचा कॉलम थेट चार्टमध्ये ओढू नका. एकूण रक्कम भागिले एकूण क्विंटल, असं मेजर, म्हणजे रिपोर्टमध्ये हिशोब करणारं सूत्र, लिहा.

आता सॉफ्टवेअर लागतंच का? एका फाइलवर एकच माणूस काम करत असेल, तर नाही. एक्सेलच्या शीटमध्ये 10,48,576 ओळी मावतात आणि 2016 पासून पॉवर क्वेरी एक्सेलमध्येच आहे. वरच्या साफसफाईच्या सगळ्या स्टेप तिथेही चालतात. लातूर, उदगीर, औसा अशा तीन ठिकाणच्या फायली रोज एकत्र करायच्या आणि चार जणांनी मोबाइलवर बघायच्या, तेव्हा पॉवर बीआय कामाचं. त्याची कॉम्प्युटरवर चालणारी ‘डेस्कटॉप’ आवृत्ती फुकट आहे, रिपोर्ट शेअर करायला ‘प्रो’ हे पैसे भरून घ्यायचं लायसन्स लागतं. पैसे वाचवायला ‘पब्लिश टू वेब’ कधीच वापरू नका. लिंक हाती लागलेल्या कुणालाही तुमचे खरेदीचे दर दिसतील.

लाइट जाण्याची तुमची काळजीही खरी आहे. फाइल दुकानातल्या कॉम्प्युटरवर असेल तर रिफ्रेश, म्हणजे रिपोर्टमध्ये नवे आकडे येणं, गेटवेमार्फत (दुकानातला कॉम्प्युटर ऑनलाइन पॉवर बीआयला जोडणारा प्रोग्राम) होतो आणि कॉम्प्युटर बंद असला की तो फसतो. लागोपाठ चारदा फसला, की वेळापत्रकच बंद पडतं. फाइल वनड्राइव्हवर ठेवली तर गेटवेची गरज नाही.

एक्सेल आत्ताच बंद करू नका. हंगामभर दोन्ही चालवा आणि रोज संध्याकाळी ओळींची संख्या, क्विंटल आणि रक्कम हे तीन आकडे ताडून बघा. तारीख दुरुस्त केल्यावर नोव्हेंबरचे हे तीन आकडे दोन्हीकडचे इथेच कळवा. तरीही फरक राहिला तर कुठली स्टेप चुकतेय ते त्यावरून शोधू.